जेवणखाण कुणी खोडत नाही

जुन्या लढायांतली सैनिकांची पत्रं क्रमाने लावायचं काम संग्रहालयात वैजयंताबाईंकडे होतं. सेन्सॉरने त्यांतल्या तारखा आणि गावांची नावं काळ्या शाईने खोडली होती. जेवणखाण मात्र कुणी खोडलं नव्हतं. प्रत्येक मोठ्या हल्ल्याआधी छावणीत त्याच गोष्टी त्याच क्रमाने घडायच्या. त्यामुळे पत्र वाचनयंत्राच्या काचेखाली सरकवलं, की ते यंत्र त्यातला डाळभात, नवे मोजे, न्हाव्याची पाळी वाचून सांगायचं: हल्ल्याला अकरा दिवस. हल्ल्याला सहा दिवस. लष्कराच्या दफ्तरातल्या नोंदींशी ताडून पाहिलं, तर ते एकदाही चुकलेलं नव्हतं.

सोमवारी त्यांच्या मुलाचं, सुजितचं, सीमेवरून पत्र आलं. तिथले फोन बंद झाल्यापासून तो पत्रंच लिहायचा. त्याचं अक्षर लागेना, म्हणून बाईंनी ते कामावर नेलं आणि काचेखाली ठेवलं. पडद्यावर मजकूर आला.

"आई, नवे बूट मिळाले. सगळ्यांचे केस कापले. आज जेवणात शिरा होता, मी दोनदा घेतला. तुझ्यासारखा नव्हता."

बाईंना हसू आलं. तेवढ्यात खाली ओळ उमटली: हल्ल्याला पाच दिवस.

शेजारच्या टेबलावरच्या शमाने वाकून पाहिलं. "ताई, हे कुठल्या लढाईतलं?"

बाईंनी पाकीट उलटं केलं. टपालाचा शिक्का चार दिवसांपूर्वीचा होता. भिंतीवरच्या टीव्हीवर सीमेवर शांतता असल्याची बातमी चालू होती.

"उद्याच्या," त्या म्हणाल्या.