ठकूआजीवरचा अविश्वास

"अविश्वास म्हंजी नेमकं काय गं, आरती?" ठकूबाईंनी शेंगा फोडता फोडता नातीला विचारलं.

"भरवसा नसणं. वाक्यात उपयोग सांगू? सहा मेंबरांनी मिळून माझ्या सरपंच आजीवर अविश्वास ठराव आणला!"

दहावीतली आरती नुसती धुमसत होती. आणे पठारावरच्या त्यांच्या गावाला चांगदेव मेंबरला भलीमोठी कमान हवी होती. आजी म्हणाली, आधी शाळेत मुलींसाठी संडास. झालं! ठरावावर चांगदेवची सही, खाली पाचही बायका मेंबरांच्या सह्या. आजी पडली की संडासही गेले.

त्यात कुणी फुटू नये म्हणून चांगदेवनं त्या पाचजणींना आपल्या बायकोसोबत गाडीत घातलं आणि थेट कोकणात नेलं. आता येणार त्या मतदानालाच.

"फोन तरी कर ना त्यांना!"

"फोन त्यानं काढून घेतल्यात." आजी शेंगदाणे पाखडत म्हणाली, "गाडी एशी हाय का गं? हौसाला गाडी लागती."

आरतीनं कपाळावर हात मारला. "आजी, खुर्ची चाललीय तुझी, आणि तुला हौसामावशीच्या उलटीची काळजी?"

"मग? माणूस हाय ती."

सोमवारी आरती शाळा बुडवून ग्रामपंचायतीच्या खिडकीला चिकटली. गाडी आली. पाचजणी उतरल्या, उन्हानं रापलेल्या, चपलांत वाळू, तोंडावर हसू. आजीकडे एकीनंही पाहिलं नाही. फितूर कुठल्या!

तहसीलदार म्हणाले, "ठरावाच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करा."

चांगदेवचा हात झपकन वर गेला. मग त्यानं डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. एकटाच हात.

"अवो, सह्या केल्यात ना तुमी! आठ दिवस मासं खाल्लं माझं!"

"लई ग्वाड व्हतं, भाऊ," हौसाबाई म्हणाली.

ठराव पडला. चांगदेव तणतणत निघून गेला. आरती उड्या मारत आत शिरली आणि आजीला बिलगली. तेवढ्यात हौसाबाई जवळ आली, डोळ्यांना पदर लावला आणि हळूच म्हणाली, "आक्का, समुद्र लई मोठा हाय वो. तुमी ठरावावर सह्या करा म्हनला नसता, तर या जन्मी दिसला नसता."