ओदेतचा कायदा

"टाक फासे," सासून म्हणाला.

शुक्रीने डाव्या हाताने फासे टाकले. उजवा हात पांघरुणावर निपचित पडला होता. पाच आणि सहा पडले. एरवी सहा-पाचच्या या दानाला शुक्रीने "शेश-बेश" अशी आरोळी ठोकली असती आणि ती खालच्या भाजीवाल्यापर्यंत गेली असती. पण मेंदूत रक्ताची गाठ झाल्यापासून त्याच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. डॉक्टर म्हणत, घसा ठीक आहे, जीभ ठीक आहे, आता यांनी स्वतःच जोर लावायला हवा. शुक्री जोर लावत नव्हता. दिवसभर भिंतीकडे बघत पडून राहायचा.

सोमवारी त्याला नाझरेथला, नन चालवतात त्या आश्रमात हलवणार होते. मुलगी नुहा एकटी किती पुरी पडणार? सासूनला ते कळत होतं. तिथे गेलेली म्हातारी माणसं हैफाला परत येत नाहीत, हेही त्याला कळत होतं.

चाळीस वर्षं सासून दर शुक्रवारी शुक्रीच्या दुकानात केस कापायला येई. त्यातली निम्मी वर्षं त्याच्या डोक्यावर कापण्यासारखं काही नव्हतंच. सोंगट्यांचा पट मांडला जाई, आणि पहिली कॉफी संपायच्या आत भांडण जुंपे: अरब आणि ज्यूंचं हे सगळं सुरू कोणी केलं? शुक्री अरब, तो इंग्रजांनी ज्यूंना इथे देश देऊ केला त्या जाहीरनाम्यापासून धरी; सासून बगदादहून आलेला ज्यू, तो तिथल्या ज्यूंविरुद्धच्या दंगलीपासून. गालाला साबण फासून बसलेलं गिऱ्हाईक मध्येच तोंड घाली आणि थेट दोघांचा मूळपुरुष इब्राहिम याच्यापासून सुरू करी. शेवटी गाडी दोनच वाक्यांवर येऊन अडे. "तुम्ही आपणहून गेलात," सासून म्हणे. "तुम्ही आपणहून आलात," शुक्री म्हणे.

शुक्रीची बायको ओदेत एक दिवस कावली. तिने कायदाच करून टाकला. हरेल त्याने जिंकणाऱ्याची गोष्ट सांगायची, तीही "मी, मी" म्हणत, स्वतःवर गुदरल्यासारखी. चुकला तर जिंकणारा दुरुस्त करील. ओदेत देवाघरी गेली, कायदा राहिला. हरलेला सासून सात वर्षांचा शुक्री होऊन अठ्ठेचाळीसच्या लढाईत आईचं बोट धरून हैफाच्या बंदराकडे पळे. मागे चुलीवर द्राक्षाच्या पानांचं पातेलं तसंच शिजत राही, आणि चोरवाटेने हैफात परतायला पुढे दोन वर्षं लागत. हरलेला शुक्री बगदादच्या विमानतळावर उभा राही, आणि जकातवाला त्याच्या धाकट्या बहिणीच्या कानातल्या रिंगा काढून घेई. एका शब्दाशी मात्र दोघांचीही जीभ अडे. "आम्हाला हाकललं." समोरच्याचा तो शब्द दोघंही पुटपुटत, कसाबसा उरकत.

आज सासून मुद्दाम हरला. मग घसा खाकरून त्याने शुक्रीची गोष्ट सुरू केली. चूल, पातेलं, आईचं बोट, बोटीवरची गर्दी, सगळं बिनचूक. आणि शेवटी मोठ्याने म्हणाला, "आमच्याच पुढाऱ्यांनी जा म्हणून सांगितलं. आम्ही आपणहून निघालो."

दारात नुहा उभी होती. "काका, लाज नाही वाटत? आजारी माणसासमोर?"

सासूनची नजर शुक्रीच्या ओठांवर होती. शुक्रीचे डोळे पेटले. ओठ थरथरले. मग डोळे विझले आणि त्याने मान भिंतीकडे वळवली.

सासूनने सोंगट्या पुन्हा मांडल्या. शुक्री मनाविरुद्ध खेळला आणि हरला.

"आता तुझी पाळी," सासून म्हणाला. "सांग माझी गोष्ट."

"त्यांना बोलता येत नाही, काका. कशाला छळताय?"

"पोरी, कायदा तुझ्या आईचा आहे."

सासून वाट बघत बसला. कॉफी निवून गेली. भिंतीकडची मान हलली नाही. आता मात्र त्याचा धीर सुटला. सोमवारनंतर शुक्रवारी जायचं कुठे, हा विचार त्याला सहन होईना. काहीतरी बोलायचं म्हणून त्याने स्वतःची गोष्ट स्वतःच सांगायला घेतली. जशी तो नातवंडांना सांगे, शाळेतल्या समारंभात सांगे, तशीच.

"आम्ही बगदाद सोडलं. वडिलांनी दुकानाला कुलूप लावलं. गाणी म्हणत विमानात चढलो. कोणी जबरदस्ती केली नाही. आम्ही आपणहून आलो."

"ह..."

सासून थांबला.

शुक्रीची मान भिंतीकडून वळली होती. कपाळावरची शीर फुगली होती. डावी मूठ पटावर आदळली आणि सोंगट्या उधळल्या.

"हा... हाकललं."

नुहाच्या हातातला ट्रे खाली पडला. ती खिडकीकडे धावली आणि गल्लीत ओरडली, "बाबा बोलले!" समोरच्या गच्चीतल्या बायकांनी जीभ नाचवत लग्नघरासारखी किलकारी दिली. भाजीवाला तराजूच वाजवायला लागला. सासून रडत होता आणि हसतही होता. त्याने शुक्रीचे दोन्ही खांदे धरले.

"हो रे म्हाताऱ्या, हाकललं. तुम्हाला हाकललं. पातेलं चुलीवर होतं आणि तुम्हाला हाकललं. झालं समाधान?"

तो शब्द इतका मोठ्याने, इतका स्वच्छ त्याने आजवर कधी उच्चारला नव्हता. सगळ्या गल्लीने ऐकला. सासूनला त्याचं काही वाटलं नाही. उलट छाती हलकी झाली.

पण शुक्री मान हलवत होता. सासूनने गोष्टीत काही चुकवलं की दुकानात हलवायचा, तशीच. पाळी त्याची होती आणि सासूनची गोष्ट अजून पुरी झाली नव्हती. त्याने डाव्या हाताचं बोट उचललं, सासूनच्या छातीवर टेकवलं, आणि पुन्हा सगळा जोर लावला.

"तुम्हालाही."