भोंग्यापासून सुरुवात

सरांनी कार्डावरच्या पहिल्या मुद्द्यावर आडवी रेघ मारली.

"हा फोन काढून टाका, ताई. सुरुवात थेट भोंग्यापासून करा. धोक्याचा भोंगा वाजला की ऐकणारा खुर्चीत सरळ होऊन बसतो."

रेघेखालचं वाक्य अजून वाचता येत होतं. 'टाकीवर वाफ जास्त साठली आहे, मिक्सर बंद करा, असं मी सुपरवायझरना फोनवर सांगितलं.'

सभाधीटपणाच्या वर्गात आज प्रत्येकाने आपल्या भाषणाचा आराखडा करायचा होता. विमा एजंट आपल्या कुत्र्यावर बोलणार होता, नर्सबाई गच्चीतल्या टोमॅटोंवर. विषय ज्याने त्याने निवडला होता. तिला मात्र सरांनी दिला होता: कारखान्यात अपघात झाला त्या दिवशी मी काय पाहिलं. विषय ताजा आहे, पाठ करावा लागणार नाही, असं ते म्हणाले होते.

तिची फी कारखाना भरत होता. रंगाच्या त्या कारखान्यात, प्रयोगशाळेत ती नमुने तपासायची, आणि नमुन्यांशी बोलावं लागत नसे. सोमवारी चौकशी समितीसमोर उभं राहायचं आहे, तुमचा आवाज ओठांच्या आतच राहतो, जरा धीट व्हा, असं साहेब म्हणाले होते. आईला हे पटलं नव्हतं. दुकानात सुटे पैसे मागायलासुद्धा तू मला पुढे करतेस, तुझ्या भाषणाची हौस साहेबाला कुठून आली, असं तिने विचारलं होतं. वर, फुकट मिळालेल्या औषधाची बाटली आधी वाचून बघावी, असंही सुनावलं होतं.

"पण फोन आधी झाला," ती म्हणाली. "भोंगा नंतर."

"झाला असेल ना. पण ऐकणाऱ्याला एवढी माणसं झेपत नाहीत. तुम्ही, सुपरवायझर, मिक्सरवाला. तिघांत तो हरवतो. दोघंच ठेवा."

तिला मिक्सरवाला आठवला. त्याला अजून बोलता येत नव्हतं, घशात नळी होती. चूक त्याची ठरली तर नोकरीही जाईल आणि इलाजही थांबेल, असं त्याच्या बायकोने दवाखान्याच्या जिन्यात तिला सांगितलं होतं. फोनबद्दल त्या बायकोला काही माहीत नव्हतं. हे कार्ड लिहीपर्यंत फोन केलेला माहीत होता दोघांनाच, तिला आणि सुपरवायझरना.

आणि तरी सर चुकीचं काही सांगत नव्हते. विमा एजंटालाही त्यांनी हाच नियम लावला होता. त्याच्या भाषणातून कुत्र्याचं आजारपण आणि मेहुणी दोन्ही उडवली होती, आणि भाषण खरोखर सुधारलं होतं. मेहुणी गेल्याचं एजंटाला थोडं वाईट वाटलं, एवढंच.

दोन बाटल्यांत पाण्यासारखं स्वच्छ काहीतरी असेल तर नुसतं बघून फरक कळत नाही. थेंबभर दुसरं काही टाकून बघावं लागतं.

"मग सर, मी सुपरवायझर ठेवते," ती म्हणाली. "मिक्सरवाला काढते. दोघंच राहतील."

सरांचं पेन थांबलं.

"छे, छे. मिक्सरवाला कसा काढणार? टाकीचं झाकण त्यानेच उघडं ठेवलं होतं ना? गोष्ट तर तिथेच आहे."

तिने आपली कार्डं सावकाश उलटीसुलटी करून पाहिली. झाकणाबद्दल तिने कुठेच लिहिलं नव्हतं. झाकण उघडं होतं की बंद, हे तिने पाहिलंही नव्हतं.

"झाकणाचं कोण म्हणालं?"

"पेपरात आलं असेल," सर म्हणाले, आणि घड्याळाकडे बघून हसले. "तुम्ही फार खोलात जाता बुवा. चला, उभ्या राहा. एकदा म्हणून दाखवा. रेकॉर्ड करतो, म्हणजे साहेबांनाही कळेल तुमची किती प्रगती झाली ते."

त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवून बटण दाबलं. पडद्यावर लाल ठिपका लुकलुकू लागला.

ती उभी राहिली. कार्डं तिने टेबलावरच पालथी ठेवली. हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना, मग तिने ते खुर्चीच्या पाठीवर ठेवले.

"भोंगा वाजायच्या आधी," ती म्हणाली, "मी सुपरवायझरना फोन केला. टाकीवर वाफ साठली आहे, मिक्सर बंद करा म्हटलं."

विमा एजंटाने मान वर केली. नर्सबाईंनी खुर्ची तिच्याकडे वळवली. सरांचा हात मोबाइलकडे गेला आणि त्यांचं बोट लाल ठिपक्याच्या अगदी वर येऊन थांबलं.

ती बोटाकडे बघत होती. मग तिने नजर उचलली. महत्त्वाचं वाक्य सावकाश म्हणावं, शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचेल असं म्हणावं, हे सरांनीच शिकवलं होतं.

"ते म्हणाले, एवढी बॅच होऊ दे."