लिंबापासून चौथी

“सतराच,” धनश्री म्हणाली आणि तिने लॅपटॉप पीटर मास्तरांकडे वळवला. “अठरावी दिसत नाही, सर.”

मास्तरांनी चष्मा पुसला. कानिफनाथ शेतकऱ्याच्या रानातल्या शाळूचा ड्रोनने काढलेला फोटो होता. पाण्याचा ताण बसलेलं पीक सगळीकडे पिवळं पडलं होतं, आणि त्यात माणसाच्या लांबीचे सतरा हिरवे पट्टे, शाळेतल्या बाकांसारखे रांगेत.

धनश्री पुरातत्त्वाची संशोधक. तिने आल्या दिवशीच समजावलं होतं. जमीन एकदा खोल खणली की भुसभुशीत होते, ओल धरून ठेवते. मग कितीही वर्षांनी तिथलं पीक बाकीच्यापेक्षा उशिरा वाळतं. जुन्या वस्त्या ती अशाच शोधायची. कबरी पहिल्यांदाच शोधत होती.

गावातली ख्रिश्चनांची जुनी स्मशानभूमी केव्हाच ह्या शेतात मिसळून गेली होती. लाकडी क्रूस वाळवीने खाल्ले. आता तिथून रस्ता जाणार होता, आणि फोटोत दिसतील तेवढ्याच कबरींतली हाडं नव्या जागी नेऊ, असं रस्त्याच्या कामावरच्या साहेबांनी सांगितलं होतं. सोमवारी जेसीबी येणार होता. सरकारी माणुसकीलाही मुदत असते.

अठरावी कबर मास्तरांच्या आईची, रूथबाईंची.

“जागा नक्की हीच?” धनश्रीने विचारलं.

“लिंबापासून चौथी. दर ईस्टरला बाबा बोट धरून न्यायचे मला. चुकेन कसा?”

बहात्तरच्या दुष्काळात आई तापाने गेली तेव्हा मास्तर पाच वर्षांचे होते, नगरला मावशीकडे. परत आले तेव्हा फुलं वाहिलेला मातीचा ढिगारा तेवढा दिसला. गाव सगळा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेला, म्हणून बाबांनी एकट्याने खड्डा खणला होता. ती हकिकत सांगताना म्हातारा मरेपर्यंत रडायचा.

धनश्रीने पुन्हा ड्रोन उडवला. सकाळी, दुपारी, उन्हं कलल्यावर. लिंबापासून तिसरा पट्टा हिरवा, पाचवा हिरवा, मधे नुसता पिवळा शाळू. तिला स्वतःचीच लाज वाटायला लागली. एवढी शिकली, आणि एका माणसाला त्याची आई दाखवता येईना.

रविवारी ती हळूच म्हणाली, “सर, फोटोत मी एक पट्टा रंगवून देते. साहेबांना काय कळतंय?”

“अन् ते नुसती माती उचलून नेतील. आई राहील रस्त्याखाली.” मास्तरांनी लॅपटॉप मिटवला. “तसं नको, बाळ. तिची हाडं पाहिजेत मला.”

बांधावर बसलेल्या कानिफनाथला राहवेना. “थांबा, मास्तर. पहारीनं बगू.”

तिसऱ्या पट्ट्यात पहार लोण्यात गेल्यासारखी तीन फूट खाली गेली. पाचव्यातही गेली. चौथ्या जागी वीतभरावरच ठणकन वाजली. कानिफनाथने हातभर सरकून पुन्हा मारली. पुन्हा तेच. मग त्याने शाळूची ताटं बाजूला केली, कुदळीने वरची माती ओढली आणि वाकून पाहिलं.

“खड्डा उथळ असेल,” धनश्री घाईने म्हणाली.

“खड्डाच न्हाई, ताई.” कानिफनाथने मुरमावरून हात फिरवला. “ह्यो मुरूम देवानं घातला तसाच हाय. हितं आजवर कुनी खनलंच न्हाई.”

शाळू सळसळत होता.

“म्हणजे बाबांनी नुसता ढिगाराच रचला. माझी आई,” अठ्ठावन्न वर्षांच्या मास्तरांनी विचारलं, “मला टाकून गेली होती?”