निशाणवाला

चिंचेखाली शस्त्रांचा ढीग वाढत होता. जिंकलेला सेनापती म्हणून मी घोड्यावर बसून पाहत होतो. हरलेला सेनापती ढिगाशेजारी अनवाणी उभा होता. यादवी पेटण्याआधी आम्ही दोघं एकाच फौजेत होतो.

त्याचा एकेक शिपाई तलवार ठेवायला यायचा आणि हा त्याला नावानं हाक मारायचा. "रायाजी, खांद्याची जखम आधी बांधून घे. सटवोजी, आईला रामराम सांग." माणसं रडत त्याच्या पाया पडत होती. माझ्या पाया आजवर लोक पडले ते जीव वाचवायला.

माझा जळफळाट झाला. त्याच्यादेखत आपणही आपल्या एखाद्या माणसाला तशीच हाक मारावी म्हणून मी मागे वळलो. बारा वर्षं माझं निशाण धरणारा स्वार लगबगीनं पुढे आला. मी तोंड उघडलं आणि तसाच राहिलो. त्याचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं.

ढिगाकडून त्याचा आवाज आला, "म्हाळोजी, दमलास रे. निशाण जरा खाली टेकव."

आणि म्हाळोजीनं माझ्याकडे न बघता निशाण खाली टेकवलं.