बारका ठिपका

औरंगपुऱ्यात गोकुळरावांना ओळखतात ते त्यांच्या दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या चांदीच्या नाण्यांमुळं. बदली होऊन शहरात आलेली करुणा त्यांची वरची खोली भाड्यानं बघायला आली, तर खोलीआधी त्यांनी तिच्यापुढं नाण्यांची पेटीच उघडली.

"ही दोन्ही बोलिव्हियाची. साल एक, टाकसाळ एक, चांदीपण एकच," भिंग नाचवत गोकुळराव म्हणाले. "कुणीबी म्हणंल, दोन्ही सारखीच हायेत. पण ह्या अक्षराखाली बारका ठिपका बघा. त्या नाण्यावर नाय. तेवढ्यावरून जात बदलते, मॅडम! ही जात लई दुर्मिळ. नजर पायजे त्याला. मी नुसतं बघून जात सांगतो."

करुणानं चहा निवेपर्यंत सगळं ऐकून घेतलं. मग खोली बघितली. हवेशीर होती, तिला आवडली. खाली पेटीपाशी परत येऊन ती म्हणाली,

"उद्याच सामान आणते, काका."

"आणा की," म्हणत गोकुळराव जरा घुटमळले. मग खाकरून गोड आवाजात म्हणाले, "आम्ही तसलं काय मानत नाय बरं का. पण घरात आई हाय, तिचं सोवळं-ओवळं असतं. नाव कळलं तुमचं... आडनाव काय म्हणालात?"

करुणानं पेटीवरचं भिंग उचललं, त्यांच्या हातात दिलं आणि आपला चेहरा त्यांच्यापुढं धरला.



"बघा काका, सापडतोय का ठिपका."