डावा पाय

राष्ट्रीय चित्रपट पुरस्काराच्या अंतिम फेरीतल्या पाचही चित्रपटांत पावलांचे आवाज एकाच यंत्राने तयार केले होते. समितीतल्या सुहासिनीबाई टिपणीस ते डोळे मिटून ऐकत होत्या. पूर्वी पडद्यावरच्या नायिकांची पावलं स्टुडिओत त्या स्वतः चालून वाजवायच्या.

"सगळ्याजणी डावा पाय किंचित घासतात," त्या म्हणाल्या.

"यंत्राची खोड आहे, काही केल्या जात नाही," तंत्रज्ञ हसला. "जुन्या चित्रपटांवरून शिकलंय ना ते."

"खोड कसली? माझा गुडघा आहे तो!"

"मग चालून दाखवा की, बाई."

त्या तावातावाने उठून खोलीभर चालल्या. दोन्ही पावलं अगदी एकसारखी पडली, डावा पाय घासलाच नाही. दुखरा गुडघा गेल्याच वर्षी बदलला होता, हे त्यांना चालता चालता आठवलं. त्या ओशाळून खाली बसल्या.

अध्यक्ष ठोसर निवृत्त ध्वनिमुद्रक होते. त्यांनी आवाज पुन्हा लावायला सांगितला, मान खाली घालून ऐकला आणि पाचही अर्जांवरचं यंत्राचं नाव खोडून तिथे टिपणीसबाईंचं लिहिलं.

"पुरावा काय, साहेब?" तंत्रज्ञाने विचारलं.

"वीस वर्षं काचेपलीकडून मीच ओरडायचो ना," ठोसर म्हणाले, "'बाई, डावा घासतोय, परत घ्या!'"